तारखेआधीचे महिने

तिसरी-चौथीतल्या मुलाच्या आईवडिलांना शाळेतून बोलावणं येतं. मूल तोंडी सगळं सांगतं, गोष्ट ऐकली की तिच्यातल्या खाचाखोचा विचारतं. पण धडा वाचायला उभं केलं की अडतं आणि लिहायला बसवलं की पान अर्धं कोरं राहतं. ‘एकदा एलडीची टेस्ट करून घ्या,’ असं बाई हळूच सुचवतात. घरी दोन-चार दिवस धुसफूस होते, मग कुणीतरी सरकारी रुग्णालयात जाऊन नाव नोंदवतं आणि काही महिन्यांनंतरची तारीख हातात पडते. तिथून पुढे सगळेच थांबतात. शाळा म्हणते, रिपोर्ट आणा, मग बघू. आई म्हणते, रिपोर्ट आला की कळेलच काय करायचं ते. आजी म्हणते, मोठा झाला की येईल आपोआप.

या थांबण्याला सगळे सावधपणा समजतात. मला तो समज उथळ वाटतो. तपासणीची वाट पाहावी लागते, कारण तारीख आपल्या हातात नसते. मदतीची वाट पाहायला सांगणारं एकही कारण मला शास्त्रात सापडलेलं नाही, कायद्यात नाही आणि शिकवण्याच्या रोजच्या अनुभवातही नाही. माझं म्हणणं याच्याही पुढे जातं. तपासणीआधीच्या महिन्यांत नीट मदत झाली नसेल, तर तपासणीसुद्धा अपुरीच राहते.

मी इथे अध्ययन अक्षमतेबद्दल (बाईंच्या ‘एलडी’बद्दल), म्हणजे वाचन, लेखन आणि गणितातल्या विशिष्ट अडचणींबद्दल बोलतो आहे. स्वमग्नता, बोलण्यातला मोठा विलंब किंवा झटके येणं यांत डॉक्टरांकडे लवकर पोचणं हीच पहिली मदत असते. तो विषय वेगळा आहे.

१. प्रमाणपत्र कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं?

महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. वाढीव वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट अशा या सवलती. त्या मोलाच्याच आहेत. दहावीच्या उंबरठ्यावर अडलेली कितीतरी मुलं त्यांच्यामुळे पुढे गेली. पण त्यांच्यामुळे एक सवयही लागली. ‘तपासणी’ म्हणजे ‘सवलतीचा कागद’ असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. या मुलाला परीक्षेत काय देणं लागतो, हा पहिला. याला उद्या सकाळी वाचायला कसं शिकवायचं, हा दुसरा. प्रमाणपत्र पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्याचं उत्तर चांगल्या अहवालातही फार तर अर्ध्या पानात असतं, आणि ती शिफारस बहुतेक वेळा अशी असते, की अनुभवी शिक्षकाला ती अहवालाशिवायही सुचली असती: ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने घाला, थोडं थोडं रोज करा, मोठ्याने वाचून दाखवा. सहा महिने ज्याची वाट पाहिली, ते पहिल्या आठवड्यातच करता आलं असतं.

कायद्यानेही हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने आधीच्या ७ प्रकारांच्या जागी २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. राखीव जागांसारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आणि प्रमाणपत्र लागतं. पण त्याच कायद्याचं कलम १६ अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना सांगतं, की मुलांमधली अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य ते शैक्षणिक उपाय करा. तिथे ‘आधी प्रमाणपत्र आणा’ असं म्हटलेलं नाही. ओळखण्याचं काम त्या कलमाने शाळेवर टाकलं आहे. ‘रिपोर्ट आणा, मग बघू’ हे वाक्य या कलमाशी जुळत नाही, आणि पालकांनी ते शांतपणे, पण लेखी, शाळेच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही.

२. निदानालाच आधीची मदत लागते

मानसिक आणि विकासात्मक विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या पुस्तिकेत अध्ययन अक्षमतेचा पहिलाच निकष असा आहे: नेमक्या त्या अडचणीवर मदत दिल्यानंतरही अडचण किमान ६ महिने टिकून राहिलेली असावी. हा निकष नीट वाचला तर वाट पाहण्याचा सगळा युक्तिवादच उलटा होतो. निदान झाल्यावर मदत सुरू करायची, असा क्रम आपण मनात धरतो. इथे मदत देऊन काय झालं, हे निदानाच्या आत येऊन बसलं आहे.

याचं कारण साधं आहे. वाचता न येण्याची कारणं अनेक असतात. डोळ्यांचा नंबर, कानात साठलेला द्रव, दोन वर्षांत बदललेल्या तीन शाळा, घरी मराठी आणि शाळेत एकदम इंग्रजी, किंवा नीट न शिकवलं जाणं. एकाच दिवशी घेतलेल्या चाचणीत ही सगळी मुलं एकसारखी दिसू शकतात. त्यांना वेगळं करणारी सर्वात विश्वासाची गोष्ट म्हणजे, नीट शिकवल्यावर कोण किती पुढे सरकतं ते पाहणं. अमेरिकेने २००४ च्या कायद्यात बुद्ध्यांक आणि शालेय गुण यांतली मोठी तफावत दाखवण्याची सक्ती काढली आणि मुलाचा मदतीला मिळणारा प्रतिसाद निदानात धरायला वाट करून दिली. तफावत दिसेपर्यंत थांबणं म्हणजे मूल पुरेसं नापास होईपर्यंत थांबणं, हे तिथल्या शिक्षकांना तोवर कळून चुकलं होतं.

आपल्याकडे आणखी एक भिंत आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ८ वर्षांखालील मुलाला या अक्षमतेचं प्रमाणपत्र दिलं जात नाही. पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. आठ वर्षांची अट निदानासाठी योग्यच आहे, कारण त्याआधी अनेक मुलं नुसती मागेपुढे असतात. पण तीच अट मदतीलाही लावली, तर पहिली आणि दुसरी ही वाचनाची दोन मूळ वर्षं हातची जातात. सहा वर्षांच्या मुलीला ‘क’ आणि ‘की’ यांतला फरक ऐकू येत नसेल, तर तिला तो ऐकवायला कुठल्या वैद्यकीय मंडळाची सही लागते?

३. थांबलेला वेळ फुकट जात नाही, नुकसान करून जातो

कॉनी ज्युएल या संशोधिकेने टेक्सासमधल्या ५४ मुलांचा पहिली ते चौथी असा माग ठेवला. १९८८ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ०.८८ होती. ‘मोठा झाला की येईल’ या आश्वासनाला हा आकडा थेट उत्तर देतो. काही मुलांना आपोआप येतंही. पण आपलं मूल त्यांतलं आहे, हे आधी कळत नाही.

दोन वर्षं आधी, १९८६ मध्ये, कीथ स्टॅनोविच यांनी दाखवलं की वाचनातली दरी स्वतःच स्वतःला रुंदावते. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्यातून त्याचे शब्द वाढतात, शब्दांमुळे पुढचं वाचन सोपं होतं. ज्याला येत नाही तो वाचन टाळतो. चौथीपासून परिसर अभ्यास, इतिहास, शाब्दिक उदाहरणं अशी सगळी विषयांची दारं छापील पानातूनच उघडतात. एका ठिकाणची अडचण बघता बघता सगळ्या विषयांत पसरते.

या काळात मुलाच्या मनात काय घडतं, ते मला सर्वात जास्त टोचतं. आठ वर्षांचं मूल रिकाम्या जागेत बसून राहत नाही. मोठ्यांनी कारण सांगितलं नाही, तर ते स्वतः शोधतं, आणि त्याला सापडणारं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मी ढ आहे. तारीख येईपर्यंत हा निकाल त्याने स्वतःवर लावलेला असतो. पुढे आलेला अहवाल तो बदलू शकेल, अशी खात्री कुणीच देऊ नये.

४. मराठी पानावर अडचण कशी दिसते

वाचन-अक्षमतेची आपल्याकडची बरीचशी माहिती इंग्रजीतून आलेली. बी आणि डी उलटे लिहिणं, स्पेलिंग चुकणं वगैरे. देवनागरीत ती वेगळी दिसते. इथे अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे अक्षमता असलेलं मूलही शेवटी बरोबर वाचतं, फक्त फार हळू वाचतं. ‘येतं की त्याला, कंटाळा करतो’ हा शेरा तिथूनच येतो.

एक पान जवळून पाहू. माझ्या शेजारी बसून एक तिसरीतला मुलगा ‘सूर्य’ या शब्दाखाली बोट धरून ‘सू-य-र’ असं वाचत होता. मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा तेच. त्याचं काही चुकत नव्हतं, कारण त्याचा डोळा कागदावरच्या क्रमाने चालला होता. रफार कानाला ‘य’च्या आधी ऐकू येतो, कागदावर मात्र ‘य’च्या डोक्यावर, पुढे बसतो. ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट आहे. ती कागदावर व्यंजनाच्या आधी येते आणि तोंडातून नंतर निघते. त्याच मुलाच्या वहीत ‘घर’चं ‘धर’ झालेलं होतं, ‘भात’चा ‘मात’ झालेला होता आणि सगळ्याभोवती लाल गोल होते. पानाखाली शेरा होता, ‘अक्षर सुधारा.’ त्या पानावर एकही चूक अक्षर गिरवण्याची नव्हती. सगळ्या चुका ध्वनी आणि खूण यांच्या सांध्यावर होत्या. रफाराची जागा त्याला चिकणमातीने करून दाखवली, वरचा तुकडा उचलून ‘य’च्या आधी ठेवला, तेव्हा त्याने ‘सूर्य’ वाचला आणि मग ‘कार्य’ही आपणहून वाचला. ‘पर्वत’शी पुन्हा अडला. दुसऱ्या दिवशी ‘सूर्य’ही विसरला होता. असंच असतं, आणि म्हणूनच रोज थोडं लागतं.

हे पाहायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. मूल कुठे अडतं ते नोंदवायचं: जोडाक्षरावर की वेलांटीवर, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर की शब्दाच्या शेवटी. ऐकलेला मजकूर समजतो का, की ऐकूनही समजत नाही? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही तपासणीची साधनं आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. आपल्या मुलाची तपासणी त्याच्या भाषेत होणार आहे का, हा प्रश्न तारीख घेतानाच विचारावा.

५. ते महिने कसे वापरायचे

आधी डोळे आणि कान. तपासणीच्या वाटेवर दोन्हींचे अहवाल बहुधा मागतातच आणि ते आजही करून घेता येतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येत असेल, तर त्याला मुलाची अडचण सांगावी. गावाकडे समग्र शिक्षाअंतर्गत तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. त्यांना वर्गात बोलावण्याचा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरता येतो.

मग शिकवणं. रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एकाच मोठ्या माणसाबरोबर. एका वेळी एकच गोष्ट: आज इकार, फक्त इकार. आधी कानाने (‘किती’मध्ये पहिला आवाज कुठला, त्याला चिकटलेला स्वर कुठला), मग हाताने, मग डोळ्याने. ‘दहा वेळा लिहून काढ’ बंद. चुकीचा शब्द दहा वेळा उतरवला की चूकच पक्की होते. शिकवणीत शाळेचंच सगळं पुन्हा एकदा, जरा मोठ्या आवाजात होत असेल, तर ती शिकवणीही बंद केलेली बरी.

याच्या जोडीला, आणि याच्याइतकंच महत्त्वाचं, मुलाला वाचून दाखवणं. त्याचं वाचन अडलं आहे, त्याची समज अडलेली नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मिळतात, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही मिळतात. १९७१ पासूनचं ते भांडार आहे. विज्ञानाचा धडा वाचून दाखवा, गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून दाखवा आणि उत्तर त्याला काढू द्या. वाचन सुधारेपर्यंत ज्ञानाची शिदोरी थांबवली, तर पुढे वाचायला आलं तरी समजायला काही उरत नाही.

शाळेकडे मागायच्या गोष्टी छोट्या आहेत, आणि एकीलाही प्रमाणपत्र लागत नाही. पूर्वतयारीशिवाय वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी झेरॉक्स द्या. इतिहासाच्या उत्तरात इतिहासाचे गुण द्या, ऱ्हस्व-दीर्घाचे कापू नका. घटक चाचणीत दोन प्रश्न तोंडी विचारा. आणि खेळाचा किंवा चित्रकलेचा तास जादा वाचनासाठी काढून घेऊ नका. दिवसातल्या ज्या एका तासाला ते मूल इतरांच्या बरोबरीने उभं असतं, तो तास त्याचा आहे.

घरात एक वही ठेवा. तारीख, काय शिकवलं, कुठे अडलं. आठवड्यातून एकदा न पाहिलेला साधा उतारा देऊन एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, ते लिहा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य ठेवलं आहे. हा आकडा मुलाला ऐकवायचा नाही. आपण कुठे आहोत हे आपल्याला कळावं, एवढ्यासाठी तो आहे.

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीची सिरपं आणि ‘ब्रेन’ शब्द लावलेले क्लास यांवर या महिन्यांत पैसे जातात, कारण वाट पाहणारं माणूस हळवं झालेलं असतं. वाचन-अक्षमतेवर रंगीत भिंगं आणि दृष्टीचे व्यायाम उपयोगी पडतात याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेत्रतज्ज्ञांबरोबर २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

६. आक्षेप

*निदानाशिवाय उपाय म्हणजे अंधारात तीर.* औषधाच्या बाबतीत हे खरं आहे. इथे उपाय म्हणजे नीट, सावकाश, ध्वनीपासून शिकवणं. अक्षमता नसलेल्या मुलालाही त्याने अपाय होत नाही, उलट ते मूल लवकर पुढे जातं आणि तपासणीच्या रांगेतून बाहेर पडतं. मुंबईत शीव, नायर, केईएमसारख्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांवर ही रांग विसंबून आहे. ती थोडी कमी झाली, तर ज्यांना खरंच गरज आहे त्यांची तारीख अलीकडे येईल.

*मदत केली आणि गुण सुधारले, तर प्रमाणपत्र मिळणार नाही.* हा आक्षेप पालक मोठ्याने बोलत नाहीत, पण तो खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. सीमारेषेवरच्या मुलाच्या बाबतीत असं होऊ शकतं. पण ज्याची अडचण खोल आहे, तो सहा महिन्यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांनी रेषेपार जात नाही. उलट ‘इतकं नियमित शिकवूनही एवढंच सरकला’ हे त्या वहीतून दिसतं आणि तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. जो रेषेपार गेला, त्याला वाचता येऊ लागलं. कागद मिळावा म्हणून मुलाला अडखळत ठेवायचं, हे कुठल्याही आईबापाला मनातून पटणारं नाही.

*वर्गात चाळीस मुलं आहेत, एकासाठी कोण वेळ काढणार?* शिक्षकांवरचा भार मी कमी लेखत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला, तरी कितीतरी वर्ग त्याहून भरलेले आहेत. पण वर मागितलेल्या गोष्टींत वेळ फार थोडा लागतो. झेरॉक्स आणि तोंडी प्रश्न यांना मिनिटं लागतात, मोठ्याने न वाचवायला काहीच लागत नाही. लाल गोल न करण्याने उलट वेळ वाचतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. तिसरीतली सहा महिन्यांची दिरंगाई पाचवीच्या निकालात शाळेच्याच दारात परत येते.

*शिक्का बसेल.* मदतीने शिक्का बसत नाही. वर्गात चौथ्यांदा अडखळून खाली बसण्याने बसतो, आणि तो मारायला कुठलंही मंडळ लागत नाही.

*आईबाप शिक्षक नाहीत, घराची शाळा होईल.* यात तथ्य आहे आणि म्हणूनच १५ मिनिटांची मर्यादा आहे. ज्या घरात अभ्यासाला बसलं की आवाज चढतात, तिथे हे काम मावशीने, शेजारच्या ताईने किंवा निवृत्त बाईंनी करावं. आईने त्या वेळी फक्त गोष्ट वाचून दाखवावी. मुलाला शिकवणारा माणूस एकच असला पाहिजे, पण ती आईच असली पाहिजे असं नाही. वडिलांनीही ही गोष्ट ‘आईचं खातं’ म्हणून सोडून देऊ नये.

७. मुलाला काय सांगायचं

बहुतेक घरांत तपासणीची गोष्ट मुलापासून लपवली जाते. ‘डॉक्टरकाकांकडे जायचंय’ एवढंच सांगतात. मुलाला सगळं कळलेलं असतं. बाबा फोनवर काय बोलले ते त्याने दाराआडून ऐकलेलं असतं. त्याला सोप्या शब्दांत सांगता येतं: काहींना पोहायला पटकन येतं, काहींना वेळ लागतो. तुझ्या डोक्याला अक्षरं आणि आवाज जोडायला जास्त वेळ लागतो. ते कसं सोपं करायचं, हे शोधायला आपण जाणार आहोत. तिथे पास-नापास नसतं. आणि तोवर आपण रोज थोडं करतोय, ते तसंच चालू ठेवायचं.

तारखेच्या दिवशी पिशवीत काय असावं? जुन्या वह्या, लाल गोलांसकट. प्रगतिपुस्तकं. शाळेचं पत्र. डोळ्यांचा आणि कानांचा अहवाल. आणि घरी ठेवलेली ती वही. तपासणाऱ्या बाई ती उघडतील तेव्हा पहिल्या पानावर ‘मिनिटाला ११ शब्द, सूर्य वाचता आला नाही’ असं असेल आणि शेवटच्या पानावर कदाचित २४. बाहेरच्या बाकावर बसलेलं मूल विचारेल, ‘आज आपलं पंधरा मिनिटांचं राहिलं ना?’ रांग लांब असते. वाटेत वाचायचं पुस्तक पिशवीत वरच ठेवावं.